आळ, संशय की नुसती शंका?

एका वाचकाने सायकल शर्यतींवर लेख लिहायला घेतला आहे. त्यातलं एक वाक्य असं : 'तादेय पोगाचारवर डोपिंगचा आळ आहे आणि योनास विंगेगार्डशी त्याचं वैर आहे.' मित्राने हरकत घेतली की आळ म्हणजे खोटा आरोप, तिथे 'संशय' हवा. दुसरा म्हणाला, 'शंका' पुरे. वाचकाचे प्रश्न तीन आहेत : यांतला बरोबर शब्द कोणता, 'वैर' चालेल का, आणि 'डोपिंग'ऐवजी 'उत्तेजक सेवन' लिहावं का?

पोगाचारच्या बाबतीत 'शंका' लिहा. 'आळ' अजिबात नको. 'संशय' लिहिलात तर चूक म्हणणार नाही, पण तो कुणाला आहे ते त्याच वाक्यात सांगावं लागेल.

शंका आपण कामगिरीवर, दाव्यावर, हिशोबावर घेतो. संशय माणसावर घेतो. शंका विचारता येते, तिचं निरसन होतं. संशय कुणी विचारत नाही. तो मनात धरतात, तो बळावतो आणि नशीब असेल तर फिटतो. गीतेतल्या 'संशयात्मा विनश्यति'मधला संशयात्मा स्वतःच्या मनातल्या दुविधेने पोखरलेला आहे. आजच्या मराठीतला संशयात्मा दुसऱ्याचे खिसे तपासतो.

पोगाचारने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ या चार वर्षी टूर द फ्रान्स जिंकली, मधल्या २०२२ आणि २०२३च्या विंगेगार्डने. दोघांपैकी एकाच्याही चाचणीत काही सापडलेलं नाही, कुठल्या संस्थेने दोघांवर आरोप ठेवलेला नाही. मग लोक बोलतात ते कशावर? आकड्यांवर. २०२३मध्ये कोंब्लूच्या २२.४ किलोमीटरच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीत विंगेगार्डने पोगाचारला १ मिनिट ३८ सेकंदांनी मागे टाकलं. एवढ्याशा अंतरात एवढा फरक पाहून पत्रकारांनी विचारायचं ते विचारलंच. लोकांना शंका येते हे मला समजतं, असं विंगेगार्ड स्वतःच म्हणाला. जे मुलीला देणार नाही ते मी घेत नाही, असंही म्हणाला. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तोच शंकेला जागा देतोय, तर आपण तिला ओढून संशयापर्यंत नेण्याची गरज नाही.

खरा संशय कसा असतो ते पाहायचं तर १९४०च्या दशकातल्या इटलीत जावं लागेल. जिनो बार्ताली तेव्हाचा अनभिषिक्त राजा. १९४०मध्ये त्याच्या संघात त्याचा मदतनीस म्हणून फाउस्तो कॉप्पी नावाचा वीस वर्षांचा पोरगा आला आणि त्याच वर्षीची जिरो द'इतालिया ही इटलीची मोठी शर्यत त्याने जिंकली. पुढे युद्ध झालं, कॉप्पी दुसऱ्या संघात गेला. १९४६च्या जिरोमध्ये ब्राक्कोचा घाट चढताना कॉप्पीने काचेची एक छोटी कुपी तोंडाला लावली आणि रिकामी करून रस्त्याकडेच्या गवतात भिरकावली. बार्तालीने जागा डोक्यात पक्की केली. नंतर तो गाडी घेऊन त्या जागी परत गेला, गवतात धुंडाळून कुपी काढली, जपून पाकिटात घातली आणि तपासायला दिली. निघालं काय, तर फ्रान्समध्ये तयार होणारं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं साधं टॉनिक!

हा किस्सा दुसऱ्या कुणी रचलेला नाही, बार्तालीनेच तो सांगितला आहे. कॉप्पी हॉटेलच्या खोलीत काय काय टाकून गेला हे पाहून उद्या तो कसा चालवणार याचा अंदाज बांधायचीही त्याला सवय होती. आणि १९४६ची ती शर्यत ४७ सेकंदांनी जिंकली कुणी? बार्तालीनेच. संशय फक्त हरणाऱ्याच्या मनात येतो असं आपण उगाच धरून चालतो. इथे 'बार्तालीला कॉप्पीविषयी शंका होती' असं कुणी लिहिलं तर वाक्य पुळचट होईल. गवतात गुडघे टेकणाऱ्या माणसाला शंका नसते, संशय असतो. तो अगदीच अनाठायी होता असंही नाही. 'ला बोम्बा', म्हणजे तेव्हाच्या बोलीत अँफेटामीनचं मिश्रण, तू घेतोस का, असं विचारल्यावर कॉप्पीने पुढे उघडपणे उत्तर दिलं होतं की गरज पडेल तेव्हा घेतो. गरज कधी पडते? जवळजवळ नेहमीच.

याच जोडीमुळे 'वैर'कडे वळता येतं. पोगाचार-विंगेगार्डला वैर म्हणू नका, ती चुरस आहे. वैराला शर्यतीबाहेरचं काहीतरी लागतं : कुळ, जमीन, जुना हिशोब. बार्ताली आणि कॉप्पी यांच्यातही मला वैरापेक्षा भाऊबंदकी दिसते, कारण ते पुन्हा पुन्हा एकाच दावणीला बांधले जात होते. १९४८मध्ये नेदरलँड्समधल्या फाल्केनबर्गच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत दोघेही इटलीकडून उतरले. दुसरा जिंकू नये एवढ्यासाठी एकमेकांवर डोळा ठेवत राहिले आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटलीच्या सायकल महासंघाने दोघांना निलंबित केलं. आपल्याकडे वाटणीच्या दाव्यात वकिलाचं घर भरतं, तसलाच हा प्रकार. तरीही १९५२च्या टूरमध्ये घाटात एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती पाण्याची बाटली जातानाचा जो फोटो आहे, तो इटलीत आजही लोकांना पाठ आहे. बाटली कुणी कुणाला दिली यावर पुढे वाद झाला तो झालाच. देणारा मीच, असं दोघांचंही म्हणणं. १९८६च्या टूरमधले बर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड याच शब्दात बसतात. संघ एक, आदल्या वर्षी लेमाँडने इनोसाठी स्वतःला आवरलेलं, 'पुढल्या वर्षी मी तुझ्यासाठी' असा इनोचा शब्द, आणि पुढल्या वर्षी घाट लागला की इनोचाच हल्ला. (लेमाँड जिंकला तरी.)

आता 'आळ'. मित्राचं म्हणणं बरोबर आहे. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यामागे स्यमंतक मण्याची गोष्ट आहे. कृष्णाने मणी चोरला नव्हता हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, म्हणूनच तो आळ. हा शब्द वापरला की माणूस निर्दोष आहे असं आपण आपल्या पदरचं सांगून बसतो. 'पोगाचारवर डोपिंगचा आळ आहे' या वाक्याचा अर्थ होतो की लोक आरोप करतायत आणि लेखकाला तो खोटा असल्याची खात्री आहे. वाचकाला हे दोन्ही म्हणायचं नव्हतं.

किटाळ, बालंट, कुभांड ही आळाचीच भावंडं. किटाळ येतं, बालंट अंगावर येतं, कुभांड मात्र कुणीतरी रचावं लागतं. मार्को पंतानीच्या चाहत्यांची भाषा या शेवटच्या शब्दाची आहे. १९९८मध्ये त्याने जिरो आणि टूर एकाच वर्षात जिंकल्या. ५ जून १९९९ला मादोन्ना दि काम्पिल्योमध्ये सकाळच्या रक्ततपासणीत त्याच्या रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ५२ टक्के भरलं. मर्यादा होती ५०. जिरो त्याच्या खिशात असताना त्याला बाहेर काढलं गेलं. २००४मध्ये रिमिनीतल्या हॉटेलच्या खोलीत त्याचा मृत्यू झाला. नमुन्यात कुणीतरी हात घातला, असं त्याची आई आजवर सांगत आली आहे आणि इटलीत त्यावर पुन्हा चौकशीही झाली. लेखात 'त्याच्या घरच्यांच्या मते ते कुभांड होतं' असं अवश्य लिहा. पण त्यापुढे 'निर्दोष' हा शब्द जोडू नका, कारण १९९८च्या टूरच्या नमुन्यांची पुढे फेरतपासणी झाली आणि फ्रान्सच्या सिनेटने २०१३मध्ये जाहीर केलेल्या, ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) सापडलेल्यांच्या यादीत पंतानी होता. उलट 'त्या दिवशी तो डोपिंगमध्ये दोषी ठरला' हेही चूकच. ५० टक्क्यांची मर्यादा तब्येतीच्या कारणाने घातलेली होती. ईपीओ पकडणारी चाचणी तेव्हा निघालेलीच नव्हती. मर्यादा ओलांडणारा काही दिवस घरी बसायचा, एवढंच.

'दोषी' हा शब्द वर्तमानपत्रं फार सैल हाताने वापरतात. २०१०च्या टूरमध्ये पोर्त दे बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या, अँडी श्लेकची साखळी उतरली आणि त्याच क्षणी अल्बेर्तो कोन्तादोर पुढे निसटला. त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावले. मंचावर त्याची हुर्यो उडाली आणि रात्री त्याने माफीचा व्हिडिओ टाकला. इथे नियम मोडला नव्हता, संकेत मोडला होता, आणि मराठीत हा फरक एका शब्दात होतो हे आपलं सुख. पॅरिसला कोन्तादोर जिंकला तोही बरोबर ३९ सेकंदांनीच. पण साखळीच्या घटनेनंतर दोन दिवसांनी, विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं : मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग, असे पन्नास. स्पेनहून आणलेल्या गोमांसातून ते पोटात गेलं, असं त्याचं म्हणणं. क्रीडा लवादाने फेब्रुवारी २०१२मध्ये निकाल दिला. मांसाची गोष्ट त्यांना पटली नाही, त्याने रक्त चढवून घेतलं असावं हेही पटलं नाही. भेसळीच्या पूरक आहारातून ते आलं असावं ही शक्यता त्यांना सर्वांत जास्त वाटली. तरीही दोन वर्षांची बंदी, आणि विजेतेपद श्लेककडे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा या कायद्याचा पाया आहे. इथे मी 'ठपका' लिहीन. चौकशी समिती हलगर्जीपणाचा ठपका ठेवते, त्यासाठी मनात पाप असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. 'दोषी' म्हटलं की वाचकाला सुई टोचून घेणारा माणूस दिसतो.

'नकळत' या सबबीवरून फ्रेंचांनी एक झकास वाक्प्रचार कमावला आहे. १९९८मध्ये फेस्टिना या संघाच्या डोपिंग प्रकरणात त्या संघाचा रिशार व्हिराँक आपल्याला काही ठाऊक नव्हतं असं म्हणत राहिला. दूरदर्शनवरच्या एका बाहुल्यांच्या विडंबन कार्यक्रमाने त्याच्या तोंडी 'माझ्या स्वेच्छेच्या नकळत' अशा अर्थाचं वाक्य घातलं. आता सायकलशी देणंघेणं नसलेली फ्रेंच माणसंही सबब सांगणाऱ्याला हे वाक्य ऐकवतात. व्हिराँकने २०००मध्ये कोर्टात कबुली दिली.

वाचकाने विचारलं नाही, पण लेखात 'ओमेर्ता' शब्द येईलच. ही इटलीतल्या माफियांची मौनाची शपथ, आणि सायकलपटूंच्या घोळक्यातही हाच शब्द चालतो. आपल्याकडे अळीमिळी गुपचिळी आहे, पण तिच्यात लहान मुलांचा खेळ ऐकू येतो आणि ओमेर्तात धमकी. २००४च्या टूरमध्ये फिलिप्पो सिमेओनी पुढे पळालेल्या छोट्या गटाला जाऊन मिळाला, तर पिवळ्या जर्सीतला लान्स आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला. सिमेओनीने आर्मस्ट्राँगचा डॉक्टर मिकेले फेरारी याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. आर्मस्ट्राँग बरोबर असेपर्यंत या गटाला कुणी मोकळं सोडणार नाही हे उघड होतं. बाकीच्यांनी सिमेओनीला परत जायला सांगितलं. परतताना आर्मस्ट्राँगने ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. इथे 'ओमेर्ता' तसाच ठेवा. मात्र बोलणाऱ्यावर 'सूपमध्ये थुंकतो' असा जो फ्रेंच ठपका येतो, त्याला आपलं 'खाल्ल्या घरचे वासे मोजणं' तंतोतंत बसतं. १९९९च्या टूरमध्ये सायकलपटू क्रिस्तोफ बासोंने वर्तमानपत्रात डोपिंगवर लिहिलं, तेव्हा त्याला हेच ऐकावं लागलं. त्याने शर्यत मधूनच सोडली.

उरला 'उत्तेजक सेवन'. टॉम सिम्पसन १३ जुलै १९६७ला माँ व्हाँतू डोंगराच्या चढावरच्या दगडगोट्यांत कोसळून मेला. त्याच्याकडे अँफेटामीनच्या नळ्या सापडल्या. तिथे 'उत्तेजक' अगदी योग्य, कारण अँफेटामीन मेंदूला चेतवतं आणि थकवा कळू देत नाही. ईपीओ यातलं काहीच करत नाही. ते मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक, अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायला लावतं, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त. आणि २००६मध्ये माद्रिदमध्ये स्पॅनिश पोलिसांना सापडल्या त्या तर रक्ताच्या पिशव्या होत्या. सायकलपटू इव्हान बास्सोसाठी तिथे वापरलेलं सांकेतिक नाव 'बिरिल्लो' हे त्याच्या कुत्र्याचं होतं. स्वतःचंच रक्त काढून ठेवायचं आणि ऐन शर्यतीत परत चढवायचं. यात उत्तेजकही नाही आणि सेवनही नाही. म्हणून सरसकट 'डोपिंग'च लिहा, अँफेटामीनच्या काळाबद्दल 'उत्तेजक' आणि रक्ताच्या बाबतीत सरळ 'रक्त चढवून घेतलं'. डोपिंगला मराठी प्रत्यय बिनतक्रार लागतात. 'वाडा' आणि 'नाडा' या डोपिंगविरोधी संस्थांची नावं मात्र एका मथळ्यात आणू नका, 'वाड्याने नाडा आवळला' असं कुणीतरी लिहिणारच.

'चाचणीत दोषी' हा छापील साचाही जपून वापरा. १९७८च्या टूरमध्ये आल्प द्युएझच्या घाटाचा टप्पा जिंकून मिशेल पोलंतियेने पिवळी जर्सी घेतली. नमुना देताना त्याच्या अंगावर काखेतला रबरी फुगा आणि नळी सापडली. फुग्यात दुसऱ्याची लघवी होती. त्याला टूरमधून हाकललं ते या लबाडीसाठी. तिथे 'चाचणीत फसवणूक करताना पकडला' एवढंच लिहायचं.