‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २४) तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात कामाला होता. गल्ल्यातले ८२ हजार गेले आणि मालकाने त्याच्यावर संशय घेतला. सोमवारी संध्याकाळी सातला हवालदार घरी आले, ‘साहेबांनी पाच मिनिटं बोलावलंय’ म्हणाले. त्या रात्री आणि मंगळवारी दोन्ही वेळा मी ठाण्यात डबा नेऊन दिला. अटक मात्र बुधवारी सकाळी दाखवली आणि दुपारी चारला कोर्टात उभं केलं. न्यायाधीशांनी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं विचारलं, तर तो ‘नाही’ म्हणाला. कोऱ्या कागदांवर सह्याही घेतल्यात. आता सगळं संपलं का?

उत्तर : ताई, संपलेलं नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘डबा’ आहे, त्याकडे येतेच.

आधी त्या ‘नाही’बद्दल. रिमांडच्या वेळी, म्हणजे पुढे कोठडीत ठेवायचं का हे कोर्ट ठरवतं तेव्हा, हा प्रश्न आरोपीला विचारतात. विचारला जातो तेव्हा कोपराला कोपर लावून तेच हवालदार उभे असतात, आणि पोलीस कोठडी मिळाली तर रात्री त्यांच्याच गाडीतून परत जायचं असतं. माझ्या वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एक पोरगा असाच ‘नाही साहेब’ म्हणाला. मी शेजारीच उभी होते. तो पावलांच्या कडांवर उभा होता, तळवे टेकवतच नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं ते तो गाडीत चढताना. तेव्हापासून मी आधी पाय बघते, मग रिमांडचा कागद.

तक्रार म्हणजे फक्त मारहाण, असाही समज असतो. ‘मला सोमवारपासून बसवून ठेवलंय’ हीसुद्धा तक्रारच. राज्यघटनेचं कलम २२ आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. तुमच्या भावाचे ४५ तास होतात. पोलीस म्हणतील, अटक बुधवारची. पण मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलंय की माणसाला अडकवून ठेवलं त्या क्षणापासून अटक धरायची, कागदावर वेळ काहीही लिहिलेली असो.

आता डबा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवा आणि त्याचं चित्रण १८ महिने जपून ठेवायला हवं. तुम्ही फाटकातून डबा घेऊन आत जाताय आणि रिकामा घेऊन बाहेर येताय, ते सोमवार-मंगळवारच्या तारखेनिशी कॅमेऱ्यात असणार. वकिलांना सांगून त्याच कोर्टात अर्ज द्या : अमुक तारखांचं, अमुक वेळेचं चित्रण जतन करावं. एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात देऊन पोच घ्या. हे याच आठवड्यात करा. ‘कॅमेरा तेव्हा बंद होता’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय; पण अर्ज लवकर गेला असेल तर ते उत्तर देणाऱ्यालाच जड जातं. भाऊ स्वतःही पुढच्या तारखेला तोंड उघडू शकतो. एकदाचं ‘नाही’ त्याला जन्मभर बांधून ठेवत नाही.

अटकेच्या कागदांत आणखी दोन गोष्टी बघा. नोकराने केलेल्या चोरीला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात थेट अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं, आणि अटक केलीच तर ती का लागली हे लिहून ठेवायचं. दुसरं म्हणजे, अटकेची कारणं त्याला लेखी दिली होती का? नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती आरोपीला समजेल अशा भाषेत, रिमांडच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. ‘तपासकामी अटक आवश्यक’ एवढं छापील वाक्य म्हणजे कारण नव्हे.

सह्यांची फार धास्ती घेऊ नका. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. मात्र ‘मी पैसे लपवलेली जागा दाखवतो’ अशा मजकुराचा पंचनामा त्या कोऱ्या कागदावर उगवू शकतो, म्हणून सह्यांची गोष्ट वकिलांच्या कानावर घालाच.

एक कटू गोष्टही सांगते. बेकायदा डांबल्याने खटला रद्द होत नाही. जामिनाला मात्र बळ मिळतं. आणि पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून, ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर ते येण्याआधी अर्ज करणाऱ्याला जामीन हक्काने मिळतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

प्रश्न : चोर आहे हे ठाऊक असून त्याची बाजू मांडताना लाज वाटत नाही का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, ते मला ठाऊक नसतं, फिर्यादीत लिहिलेलं असतं. कसाबलाही वकील दिला होता, आणि त्याच खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मॅजिस्ट्रेटना बजावलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणताच वकिलाचा हक्क सांगा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने द्या. कसाबला फाशी झाली. ती वाक्यं तुमच्या-माझ्या पोरांच्या कामी येतात.

प्रश्न : नवरा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर होता. मारामारीच्या केसमध्ये २५ हजारांचा जामीन होऊन पाच आठवडे झाले, तरी तो येरवड्यातच आहे. दिराची जमीन बीड जिल्ह्यात. सातबारा घेऊन गेलो तर ‘जामीनदार इथलाच पाहिजे’ म्हणतात.

उत्तर : कोण म्हणतात ते लिहिलं नाहीत, बहुधा न्यायाधीश नसावेत. मोतीराम नावाच्या गवंड्याचं असंच झालं होतं. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून जामीनदार नाकारला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर चांगलेच ताशेरे ओढले आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. शिवाय २०२३ च्या आदेशानुसार महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमचा महिना उलटलाय. जातमुचलक्यावर किंवा कमी रकमेच्या रोख जामिनावर सोडा, असा अर्ज करा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोणी मागितलाच, तर हे पान दाखवा.