नोंद दुरुस्त करण्यापूर्वी

प्रिय तरुण मित्रास, सप्रेम आशीर्वाद.

जुन्या निबंधात ‘अँब्लिसियस लार्गोएन्सिस’ म्हणून नोंदलेला परभक्षी कोळी (माइट) प्रत्यक्षात ‘अँब्लिसियस हर्बिकोलस’ असावा, हा तुझा संशय बिनबुडाचा नाही. या दोन प्रजातींच्या माद्या पाठीवरून पाहिल्या तर भल्याभल्यांना चकवतात आणि निवाडा बव्हंशी शुक्रधानीच्या (मादीच्या शरीरात शुक्राणू साठवणाऱ्या अवयवाच्या) आकारावर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून लहान जिवाच्या आतल्या नळीवर, अवलंबून असतो. मात्र तुझा निष्कर्ष छापील आकृतीवरून काढलेला आहे आणि तेवढ्यावर नोंद बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या नमुन्यावरून ती नोंद झाली, त्याची मूळ स्लाइड मागवून घे. उमेदवारीच्या काळात मी एका मादीची शुक्रधानी आखूड मोजून प्रजातीच बदलून टाकली होती. पुढे फोकस हळूहळू वरखाली करताना दिसले की नमुना तिरपा बसला आहे आणि नळीचे टोक खालच्या पातळीत दडले आहे. हॉयरच्या माध्यमातल्या (नमुना काचेवर बसवण्याच्या द्रवातल्या) जुन्या स्लाइडवर कडेने स्फटिक धरलेले असतात, म्हणून हात लावण्याआधी छायाचित्र घे.

तुझ्या मसुद्यात जुने नाव ‘समानार्थी’ म्हणून दाखवले आहे, ते काढून टाक. समानार्थी म्हणजे एकाच प्रजातीला मिळालेली दोन नावे. इथे दोन्ही नावे वैध आहेत, चुकली ती फक्त ओळख, आणि चुकीच्या ओळखीतून नवे नाव जन्माला येत नाही. म्हणून चुकीने वापरलेल्या नावानंतर ती नोंद करणाऱ्याचे आडनाव अपूर्णविरामाने वेगळे करून लिही. नाहीतर तोच प्रजातीचा कर्ता, म्हणजे तिला प्रथम नाव देणारा, आहे, असा वाचकाचा समज होईल.

‘हायपोआस्पिस माइल्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मातीतल्या कोळ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. त्या व्यापारी वाणातले नमुने ‘स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस’ असल्याचे २००३ मध्ये दाखवले गेले. पण म्हणून खरा माइल्स नाहीसा झाला नाही आणि त्याच्या नावावरची प्रत्येक जुनी नोंदही खोटी ठरली नाही. कोणते नमुने तपासले, ते कुठे ठेवले आहेत आणि कोणत्या नोंदी न तपासता सोडल्या, हे दुरुस्तीतच लिहावे लागते. डीएनए काढणार असशील तर उरलेले कवच स्लाइडवर जपून ठेव, कारण त्याच्याशिवाय तो डीएनए-क्रम कोणत्या प्रजातीचा, ही ओळख पुढे कोणालाच पडताळता येणार नाही.

स्लाइड सापडलीच नाही, तर ती नोंद ‘शंकास्पद’ अशी लिही आणि हर्बिकोलसच्या यादीत टाकू नकोस.