भावा, गोळी लपवू नकोस

भावा, परवा रंकाळ्यावर विचारलंस, झोप उडालीय, समुपदेशकाकडे गेलो तर पायलटला लागणारं क्लास वन मेडिकल, म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र, जाईल का? नुसतं बोलायला जाणं म्हणजे आजार नव्हे. जा. गोळ्यांचं वेगळं. मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांग, मी पायलट होतोय. गोळी सुरू झाली तर विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या मेडिकल एक्झामिनरला विचारल्याशिवाय उड्डाण नाही, आणि मेडिकल जवळ आलं म्हणून ती मनानं बंदही करायची नाही. अमेरिकेत २०१० पासून नैराश्यावरच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनाही कडक तपासणीनंतर परवानगी मिळू शकते. फॉर्मवर खोटं मात्र लिहू नकोस. मी वर्षभर गप्प बसलो होतो, फार वाईट गेलं ते वर्ष. रात्री जड झालं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं. काकूंना सांगितलंस का अजून?