डिप्लोमा की बारावी?

प्रश्न : आदरणीय सर, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात दहावीला आहे. बाबा सैन्यात ड्रायव्हर होते, नाईक म्हणून रिटायर झाले. मला यंत्रांची आवड आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अडकला की बाबा मलाच हाक मारतात. सैन्यात जाऊन रडार, वायरलेस अशा गोष्टींवर काम करायची इच्छा आहे. क्लासचे सर म्हणतात, दहावीनंतर थेट डिप्लोमाला जा, लवकर इंजिनियर होशील. मामा म्हणतात, आर्मीत जायचं तर सायन्स कशाला, आर्ट्स घे. गणितात मला ७०च्या आसपास पडतात. मी काय करू?
– एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : पोरी, तुझ्या पत्रातला स्टार्टर वाचला आणि मला राजस्थानातली एक रात्र आठवली. मी ईएमईत होतो. तोफा, रणगाडे, रडार, गाड्या, जे बिघडेल ते दुरुस्त करणारी ही कोअर. सराव चालू असताना जनरेटर बंद पडला नि रडार आंधळं झालं. तासभर शोधल्यावर फॉल्ट सापडला एका कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे तुझ्या स्टार्टरमध्ये असतो तसल्याच स्विचमध्ये. पॉइंटवर काजळी धरली होती. माझ्याबरोबरच्या खटावच्या हवालदारानं टॉर्च दातात धरला आणि पॉलिश पेपरनं ते पॉइंट घासून काढले. विहिरीवर तू करतेस ते हेच काम आहे. तेव्हा सैन्यात यंत्रांचं काम मिळेल का, ही शंका मनातून काढून टाक.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एनडीए म्हणजे खडकवासल्याची अकादमी, तिथे बारावीनंतर अधिकारी घडवतात. तिथून आर्मीत जायला बारावीची कोणतीही शाखा चालते. नेव्ही आणि एअर फोर्सला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतंच. शिवाय लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० मार्कांचा असतो, अडीच तासांत १२० प्रश्न, आणि आर्ट्सच्या मुलालाही तोच सोडवावा लागतो. मग गणित टाळून काय मिळवलं?

डिप्लोमा वाईट नाही, माझे कितीतरी चांगले सहकारी त्या वाटेनं आले. पण एनडीएला बारावी लागते आणि वय साडेसोळा ते साडेएकोणीस. डिप्लोमाला गेलीस की हे दार बंद. पुढची संधी डिग्रीनंतर, टेक्निकल शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी आर्मीत इंजिनियर अधिकारी होण्याची, ती २० ते २७ वयात. ती वाट बारावी करूनही राहतेच. म्हणून अकरावी सायन्स घे आणि गणित सोडू नकोस. बायोलॉजीऐवजी इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर आनंदानं घे.

बारावीत एनडीएबरोबर जेईई मेनही दे. नेव्हीची एक बीटेक एंट्री आहे, तिथे जेईईच्या रँकवर एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, बोलावतात आणि शिक्षण केरळात एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीत होतं. मुलीही अर्ज करतात. आर्मीची अशीच टेक्निकल एंट्री सध्या फक्त मुलांसाठी आहे. मला ते खटकतं. पण एनडीएचं दारही मुलींना कुठे होतं? २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला गेल्या आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या.

गणितातले ७० मला पुरेसे वाटत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. एनडीएत चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापले जातात, तिथे अंदाज उपयोगाचा नाही. रोज एक तास, पाठांतर न करता, गणित सोडवत बस.

नाशिकला राज्य सरकारची मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथे एकत्र होते, प्रवेश परीक्षेनं दहावीनंतर घेतात. बाबा माजी सैनिक आहेत, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांची ये-जा असेलच. जाहिरातीची चौकशी त्यांना करायला सांग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या आळीतला एक मुलगा लेखी पास झाला, पाच दिवसांची एसएसबी पास झाला. घरात पेढे वाटून झाले. मेडिकलला ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला दिसेना. लाल आणि हिरव्या रंगातला फरक त्याला नीट कळत नव्हता, आणि अठराव्या वर्षापर्यंत कुणालाच पत्ता नव्हता. त्याची आई आमच्या ओट्यावर बसून रडली, तिला काय सांगावं मला सुचेना. मुलींमध्ये हा दोष फार कमी असतो, तरी चष्म्याचा नंबर आणि रंगांची ओळख दोन्ही आत्ताच तपासून घे.

समजा काही निघालंच, तर पुण्यात डीआरडीओ, म्हणजे सैन्यासाठी शस्त्रं नि यंत्रं तयार करणारी सरकारी संशोधन संस्था आहे. पाषाणच्या प्रयोगशाळेत पिनाका रॉकेट घडलं, दिघीला लष्करी पूल घडतात. तिथले शास्त्रज्ञ इंजिनियरिंग करून, गेट नावाची परीक्षा देऊन जातात. त्यालाही हेच अकरावी-बारावीचं गणित लागतं.

या रविवारी बाबांबरोबर साताऱ्याला ये, डोळे तपासून घे आणि काय निघालं ते मला पत्रानं कळव.