शेवटची वीस मिनिटं

प्रिय डॉक्टर,

काल फोनवर तू म्हणालीस, "इथले सर मला फक्त पोट बंद करायला देतात." त्या 'फक्त' शब्दाने मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून हे पत्र.

आतडं जोडून झालं की वरिष्ठ बाहेर पडतात, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघू लागतात आणि सुई येते सगळ्यांत लहान हातात. ही सवय आमच्याच पिढीने लावली. पण वर्षभराने खोकताना काहींच्या पोटावर फुगवटा, म्हणजे हर्निया, दिसतो, तो याच रेषेवर. मग पुन्हा भूल, पुन्हा छेद.

2015 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली नेदरलँड्समधली 'स्टिच' चाचणी मुळातून वाच. मध्यरेषेवर छेद घेतलेले 560 रुग्ण होते. एका गटात कडेपासून 1 सेंटीमीटर आत आणि 1 सेंटीमीटर अंतरावर टाके घेतले, दुसऱ्यात दोन्ही मापं 5 मिलिमीटर. वर्षानंतर पहिल्या गटात 21 टक्के लोकांना हर्निया झाला होता, दुसऱ्यात 13 टक्के. बंद करायला वेळ लागला 10 ऐवजी 14 मिनिटं. चार मिनिटं! एवढ्या स्वस्तात एवढा फायदा आपल्या कामात क्वचितच मिळतो. हे सगळे रुग्ण नियोजित शस्त्रक्रियेचे होते, एवढं मात्र ध्यानात ठेव. आतडं फुटून मध्यरात्री आलेल्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावू नकोस.

हे का घडतं, ते हाताला समजायला हवं. मोठ्या बाईटमध्ये, म्हणजे एका टाक्यात सुईने जास्त भाग पकडला की, पोटाच्या भिंतीतल्या चिवट आवरणाबरोबर चरबी आणि स्नायूही सापडतो. धागा आवळला की तो भाग दबतो, त्याला रक्त पोचत नाही, तो मरतो आणि टाका सैल पडतो. कडा हळूहळू सरकतात. ताण सोसतं ते पांढरं आवरण, म्हणून सुईत तेवढंच घ्यायचं आणि कडा भिडतील इतपतच ओढायचं. जोर लावून घट्ट केलेला टाका मला नेहमी भीती घालतो.

धाग्याचा हिशेबही तितकाच जुना आणि तितकाच दुर्लक्षित. 1976 साली जेनकिन्स यांनी दाखवलं की पोट फुगलं की जखमेची लांबी 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. धागा काही वाढत नाही, म्हणून तो आवरण कापत जातो. यावरून जखमेच्या निदान चौपट धागा वापरायचा नियम आला. 20 सेंटीमीटरच्या छेदाला 80 सेंटीमीटर.

टाके सुरू करण्याआधी हातमोजे आणि उपकरणं बदलायला सांग. संकोच करू नकोस. भारतासह सात देशांतल्या 13,301 रुग्णांवर झालेल्या 'चीता' चाचणीत (2022) एवढ्या एका बदलाने जखमेतला जंतुसंसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16.0 वर आला.

आणि कौशल्य वर्षं मोजून येतं, असं समजू नकोस. 2013 मध्ये मिशिगनमधल्या 20 शल्यचिकित्सकांनी लठ्ठपणासाठी दुर्बिणीतून केलेल्या आपल्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेचा एकेक व्हिडिओ दिला. सहकाऱ्यांनी नावं न बघता गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या गटात 14.5 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, सर्वांत जास्त गुणांच्या गटात 5.2 टक्के. म्हणजे हात कसा चालतो हे दुसऱ्याला दिसतं आणि रुग्णाला भोगावं लागतं. तुझा हात कुणाला तरी बघू दे.

पुढच्या केसमध्ये त्वचा शिवण्याआधी दोन मापं घे: छेदाची लांबी, आणि सुरुवातीच्या धाग्यातून उरलेला वजा करून वापरलेला धागा. टाके किती झाले तेही मोज. वहीत तारीख घालून लिही आणि बाजूला एक रिकामा रकाना ठेव, वर्षानंतरच्या तपासणीसाठी. पहिल्या दहा केसचे आकडे मला पाठव. प्रमाण चारच्या खाली आलं तरी पाठव, मग एका संध्याकाळी आपण सरावाच्या फोमवर एकत्र टाके घालू.

तुझे,
सर