चेहरा ओळखीचा, पण माणूस कोण?

प्रश्न : रोज दूध घालणारे काका लग्नात समोर आले तर ‘यांना कुठंतरी पाहिलंय’ एवढंच वाटतं. शाळेतली मैत्रीण मात्र तीस वर्षांनी, केस पिकलेले असतानाही चटकन ओळखू येते. असं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये चेहरा ओळखण्याच्या कामाच्या पायऱ्या मांडल्या. आधी चेहऱ्याची ठेवण टिपली जाते, मग ‘हा पाहिलेला आहे’ असा निर्वाळा मिळतो, त्यानंतर माणसाची माहिती आणि सर्वांत शेवटी नाव. काकांच्या बाबतीत तुमची गाडी तिसऱ्या पायरीवर अडते, कारण ती माहिती दार, सकाळ आणि किटलीशी जोडलेली असते. अशा वेळी नावाच्या मागे लागू नका. हा माणूस एरवी कुठे भेटतो, ते आठवा.

मैत्रिणीची गोष्ट वेगळी. तिचा एकच फोटो तुमच्या डोक्यात नाही. हसताना, रुसताना, उन्हात, आजारपणात अशी तिची असंख्य रूपं साठलेली आहेत. एका ब्रिटिश प्रयोगात दोन डच सेलिब्रिटींचे प्रत्येकी २० फोटो मिसळून दिले आणि माणसागणिक गठ्ठे करायला सांगितले. त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिशांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले! ओळखणाऱ्या डच मंडळींचे जवळजवळ सगळ्यांचे दोनच झाले. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा अनोळखी माणूस जुळवताना सरावलेले पासपोर्ट अधिकारीही चुकतात, ते याचमुळे.

शिवाय नवख्या चेहऱ्यात आपण केस आणि बाह्यरेषा यांवर जास्त विसंबतो, ओळखीच्या चेहऱ्यात डोळे-नाक-तोंडाच्या भागावर. म्हणून मैत्रिणीचे पिकलेले केस आड आले नाहीत. नव्या शेजाऱ्याने मिशी काढली किंवा केस बारीक केले की मात्र आपण गोंधळतो. भुवयांना कुणी फारसं मोजत नाही, पण परिचित नटाच्या फोटोतल्या भुवया पुसून पाहा. डोळे पुसल्यावर होतो त्याहून जास्त घोटाळा होतो.

प्रश्न : पक्षाघातानंतर बाबा आम्हाला आवाजावरून ओळखतात, चेहऱ्यावरून नाही. हा विसरभोळेपणा आहे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आवाज ऐकताच ओळखत असतील तर माणसांची माहिती शाबूत आहे, चेहऱ्याकडून तिच्याकडे जाणारी वाट तुटली आहे. याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. चेहऱ्यांचं काम मुख्यतः मेंदूच्या उजव्या कानशिलामागच्या टेम्पोरल भागाच्या तळाशी, फ्युसिफॉर्म पट्ट्यात चालतं आणि तिथे मेंदूच्या मागच्या धमनीतून रक्त येतं. त्याच धमनीच्या झटक्यात डाव्या बाजूचं दिसणं किंवा रंग ओळखणंही जाऊ शकतं. तेव्हा नुसता चष्म्याचा नंबर तपासून थांबू नका. पेरिमेट्री, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी तपासणी, करून घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

घरात प्रत्येकाने समोर येताच बोलावं : ‘बाबा, मी सुनील.’ ‘ओळखा पाहू’ हा खेळ बंद करा. ओळखीसाठी शर्टाच्या रंगापेक्षा टोपी, चष्मा अशी ठळक खूण बरी, कारण रंगाचा भरवसा नाही.

‘चेहरा सुनीलचाच आहे, पण हा सुनील नव्हे, कुणी तोतया आहे’ असं ते म्हणू लागले तर प्रकार निराळा. त्यात चेहरा ओळखला जातो, पण आपलेपणाची जाणीव उमटत नाही. वाद घालून उपयोग होत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.