वाचकांचे प्रश्न : बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ऐकायला जाताना

प्रश्न : गुड फ्रायडेच्या सुमारास लाइपझिगला मुलीकडे असेन. तिथल्या थॉमस चर्चमध्ये जर्मन संगीतकार बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या छळाची आणि मृत्यूची गाण्यातून सांगितलेली कथा, ऐकायचं आहे. आधी एक ध्वनिमुद्रण ऐकलं. सुरुवातीचं समूहगान ई मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी तीन असायला हवा. पेटीवर मात्र तो काळी दोनला जुळतो. ध्वनिमुद्रणात दोष आहे का? आणि जर्मन येत नसताना पावणेतीन तास काय धरून ऐकावं?

उत्तर : दोष नाही. जुन्या घडणीची वाद्यं वाजवणारे वृंद आज बहुधा ‘ए’ (पांढरी सहा) हा स्वर ४१५ हर्ट्‌झला लावतात, तुमची पेटी ४४० ला. फरक नेमका अर्ध्या सुराचा. त्यांच्या व्हायोलिनला आतड्याच्या तारा असतात आणि त्या हवेतल्या दमटपणाने लगेच उतरतात-चढतात, त्यामुळे मध्येच थांबून सूर जुळवले तर नवल वाटू देऊ नका. बाखच्या वेळी तर लाइपझिगमधले चर्चचे ऑर्गन इतर वाद्यांहून पूर्ण एक स्वर चढे होते. ऑर्गनवाल्याची प्रत तेवढी उतरवून लिहावी लागे.

भाषेसाठी एकच तयारी करा : मराठी बायबलमधले मत्तयाचे (म्हणजेच मॅथ्यूचे) २६ आणि २७ हे अध्याय वाचून जा. निवेदक तेच गातो. मधली एकल गीतं आणि भक्तिगीतं त्यावरचं चिंतन आहे.

मग कान द्या तो दोन गायकवृंदांकडे. प्रत्येकाचा वाद्यवृंद वेगळा. सुरुवातीलाच पहिला वृंद म्हणतो ‘पाहा!’, दुसरा विचारतो ‘कोणाला?’ दोघांना एकमेकांना चिकटून उभं केलं की या सवाल-जबाबाचा गलका होतो. अंतर राखलं तर प्रश्न खरोखर समोरून येतो. म्हणून जागा शक्यतो मधली घ्या, सज्जाखालची नको. तिथे शब्द गढूळ होतात. ‘तुमच्यातला एक जण मला धरून देईल’ असं येशू म्हणतो तेव्हा वृंद ‘प्रभू, तो मी का?’ विचारतो. त्यात ‘प्रभू’ अकरा वेळा येतं. शिष्य बारा, पण धरून देणारा यहूदा तेव्हा गप्प!

येशूच्या शब्दांभोवती तंतुवाद्यांचे लांब, मंद स्वर सतत असतात. क्रुसावरच्या ‘एली, एली’ (माझ्या देवा, माझ्या देवा) या हाकेला ते एकदम नाहीसे होतात. ती जागा चुकवू नका. पुढे लगेच येणारी भक्तिगीताची चाल त्याआधी चार वेळा येऊन गेलेली असते. ती आधी गुणगुणून पाठ केलीत तर ही पाचवी खेप पोटात कालवते.

प्रश्न : टाळ्या कधी वाजवायच्या?

उत्तर : मधे कधीच नाही. १७२७ च्या गुड फ्रायडेला हे याच शहरात पहिल्यांदा झालं असं मानतात, ते उपासनेचा भाग म्हणून. दोन भागांच्या मधे प्रवचन असे. आजही कित्येक चर्चमध्ये त्या दिवशी शेवटीही टाळ्या नसतात. कार्यक्रमपत्रिकेत तशी सूचना आहे का पाहा. नसली तर शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि आजूबाजूचे करतील तसं करा.